वारा कथाईन ई ऱ्हायना?

धुळ्यात माझ्या पहिल्या सायकलच्या टीम रेसआधी पंक्चर काढणाऱ्या काकांनी अहिराणीत एवढंच विचारलं होतं, "वारा कथाईन ई ऱ्हायना?" म्हणजे वारा कुठून येतोय? मी हसलो. लळिंगचा घाट मी बऱ्यापैकी वेळात चढत होतो, मला वाऱ्याचं काय!

ग्रुपमध्ये फिरून रेसिंगकडे वळला असाल, तर चाकामागे राहिलं की दम वाचतो हे तुम्हाला सांगायला नको. वेगानुसार साधारण 30 टक्के ताकद वाचते. टीम त्यावरच चालते. एकाला जिंकवायचं, बाकीच्यांनी वारा खायचा, बाटल्या आणायच्या, त्याचं चाक बसलं तर आपलं काढून द्यायचं. नाव एकाचं होतं. हे पटत नसेल तर टाइम ट्रायल मारा, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत, त्यात काही कमीपणा नाही.

माझं काम होतं आमच्या स्प्रिंटरला, म्हणजे शेवटच्या धावेत जिंकवायच्या गड्याला, जपायचं. रस्ता धुळ्याहून शिरपूरकडे, म्हणजे उत्तरेला. सोनगीर मागे पडलं आणि डावीकडून, पश्चिमेचा वारा सुटला. डिव्हायडरलगत डांबर गुळगुळीत होतं म्हणून मी तिथून ओढत होतो. स्प्रिंटर बरोब्बर माझ्या मागे. मला वाटलं, काय काम करतोय आपण! नरडाण्याच्या अलीकडे मागे बघितलं तर त्याचं तोंड पांढरंफटक.

इथेच फसलो, म्हणून जरा लांबण लावतो. वारा समोरून असेल तर आडोसा थेट मागे असतो. डावीकडून असेल तर आडोसा मागे, पण उजवीकडे तिरका सरकतो. मी उजव्या कडेला होतो, त्यामुळे तो आडोसा डिव्हायडरवर पडत होता. स्प्रिंटरला काहीच मिळालं नाही, आणि घाम दोघांचा गेला. आपल्या माणसाला जपायचं तर डावीकडे सरका, त्याला उजवीकडे जागा सोडा. समोरच्या टीमला दमवायचं तर तीच जागा बंद करा, म्हणजे ते कडेला एका रांगेत लटकतात आणि तुटतात, मागे सुटतात. 2019 च्या टूर द फ्रान्समध्ये आल्बीच्या टप्प्यावर बाजूच्या वाऱ्यात असाच घोळका फाटला. थिबो पिनोसारख्या विजेतेपदाच्या दावेदाराचे 1 मिनिट 40 सेकंद गेले, तेही सपाट रस्त्यावर.

आडोसा तिरका, म्हणून त्यात बसणाऱ्यांची रांगही तिरकी होते. ही तिरकी रांग रस्त्याच्या रुंदीएवढीच. जागा संपली की शेपटाला लोंबकळू नका, तिथेच दुसरी रांग सुरू करा. हे ओरडून सांगायला लाज वाटते, तरी ओरडा. ओढून झालं की पुढचा बाजूला होतो तो वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे मागे येताना बाकीच्यांवर आडोसा धरतो.

पायांची ताकद मोजणारा पॉवर मीटर यातलं काही शिकवत नाही. मोबाईलवर प्लॅन पाठवणारा कोचही नाही, त्याला सोनगीरचा वारा माहीतच नसतो. ॲपवरच्या सेगमेंटवर, म्हणजे वेळ मोजलेल्या ठरावीक तुकड्यावर, पहिला नंबर लावणाऱ्या पोरांनाच मी पहिल्यांदा तुटताना पाहिलंय. राग नका मानू, मीही त्यातलाच.

पण घाबरू नका. चौघं जमा, पावसाळ्याच्या तोंडाशी रविवारी पहाटे रिकाम्या सर्व्हिस रोडवर सरावाला जा. तिरक्या रांगेत पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी तुमचं पुढचं चाक येतं, म्हणून पुढच्याने अचानक वळायचं नाही. पहिल्या रविवारी आम्ही दोघं पडलो, कोपरं सोलली. शिरपूरहून परतताना तोच वारा उजवीकडून येतो. तिथे सगळं उलटं करायचं, आणि आमचा स्प्रिंटर अजूनही सवयीने चुकीच्या बाजूला जातो.