सरकतं दार उतरवायच्या आधीची तयारी

बाल्कनीचं किंवा अंगणाकडचं सरकतं दार जड झालंय, घासतंय, लॉक बसत नाही, आणि ते घरच्या घरी उतरवून रोलर, म्हणजे तळाची चाकं, बदलायचं ठरलंय. मग पहिलं काम हे: कागदी चिकटपट्टीचा हातभर तुकडा फाडा, त्यावर जाड पेनाने ‘रोलर आत घेतले?’ असं लिहा आणि काचेवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. मागच्या खेपेला अवजारं होती, माणसं होती, जागा केलेली होती, आणि नेमकं हेच राहिलं. ही यादी त्यासाठीच लिहिली आहे. बाकीचं एखादं विसरलात तर वेळ जाईल. हे विसरलात तर चौकटीची वरची खाच वाकेल किंवा काच जाईल.

दार उतरवायची खरंच गरज आहे का, ते काही दिवस आधी बघून घ्या. ट्रॅकमधली माती, केस, पाळीव प्राण्यांची लव व्हॅक्यूमच्या अरुंद नळीने ओढून घ्या. कोपऱ्यात घट्ट बसलेली चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला फडकं गुंडाळून खरवडा, मग साबणाचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश, मग कोरडं पुसा. एवढ्यावर दार हलकं झालं तर पुढचं काहीच करायचं नाही. नाही झालं तर दार अगदी सावकाश ढकला आणि हाताला काय लागतं त्याकडे लक्ष द्या. एकाच जागी अडत असेल तर तिथे ट्रॅक चेपलाय किंवा खडा रुतलाय, रोलर कदाचित धडधाकट असतील. पूर्ण लांबीभर जड असेल तर बहुधा रोलरची बेअरिंग अडकली आहेत. ठराविक अंतराने टक्, टक् असा धक्का येत असेल तर चाक एका बाजूला झिजून सपाट झालंय. हे अंतर मोजूनही खात्री करता येते: ३० मिमी व्यासाच्या चाकाचा एक फेरा साधारण ९४ मिमीचा, म्हणजे दर साडेनऊ सेंटीमीटरला एक धक्का.

ट्रॅकमध्ये खाद्यतेल, मशीनचं तेल, ग्रीस काहीही घालू नका. दोन दिवस दार लोण्यासारखं चालतं, मग त्याच तेलात धूळ बसून काळी खळ तयार होते आणि तीच चाकांच्या आसात शिरते. सिलिकॉन स्प्रे चालतो, तोही फडक्यावर मारून ट्रॅकला पुसायचा. थेट फवारला तर शेजारच्या फरशीवर उडतो आणि त्या फरशीवरून पाय सटकतो.

नवे रोलर अंदाजाने आधी आणून ठेवू नका. बाहेरून सगळे सारखे दिसतात आणि एकही बसत नाही. काम दोन फेऱ्यांत होईल असंच धरून चला: पहिल्यांदा शटर उतरवायचं, जुना रोलर काढून मापं घ्यायची, तोच परत बसवून दार बंद करायचं, नवे हातात आले की दुसऱ्यांदा उतरवायचं. शटर म्हणजे काचेसकट सरकणारी अख्खी चौकट, कारागीर तिला तेच म्हणतात. मापं मिलिमीटरमध्ये आणि शक्यतो व्हर्नियरने: चाकाचा व्यास, चाकाची जाडी, चाकाच्या खाचेचा आकार (सपाट, गोल की व्ही), रोलरच्या घराची (चाक ज्यात बसतं त्या डबीची) लांबी, रुंदी आणि उंची, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. घराची रुंदी अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी ते शटरच्या पोकळीत जात नाही. फोटो काढा, पण फोटोवर भरवसा ठेवू नका, मापं लिहूनच सोबत न्या. एकच खराब असला तरी जोडी बदला, नाहीतर नवा उंच, जुना झिजलेला आणि दार तिरकं. ट्रॅक ॲल्युमिनियमचा असेल तर नायलॉनचं चाक घ्या, लोखंडी चाक त्या मऊ ट्रॅकला खात जातं.

माणसं दोन, आणि दोन म्हणजे दोनच. काचेचं वजन काढायचा हिशेब सोपा आहे: १ चौरस मीटर काचेला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. १ मीटर रुंद, २ मीटर उंच, ५ मिमी जाड काच म्हणजे २५ किलो. दुहेरी काच असेल तर ५० किलो. चौकट वेगळी. दुहेरी काचेचं शटर याहून मोठं असेल, किंवा हँडल फिरवल्यावर अख्खं शटर वर उचलून सरकणारी यंत्रणा असेल, तर हे घरचं काम नव्हे, कारागीर बोलवा. काचेला कुठेही तडा असेल तरीसुद्धा. आणि शटर बाहेरच्या ट्रॅकवर असून बाहेरूनच निघणारं असेल, खाली मजले असतील, तर हात लावू नका. बाहेर उभं राहायला पुरेशी रुंद, कठडा असलेली जागा नसताना काच उचलायची नाही.

अवजारं. फुलीचे दोन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, दांडी लांब असलेले. रोलर वरखाली करणारा उंचीचा स्क्रू खोल भोकाच्या आत असतो आणि आखूड दांडी तिथपर्यंत पोचत नाही. चपटी पहार किंवा रुंद पट्टी, तिच्याखाली ठेवायला लाकडाचा तुकडा. पातळ पत्र्याची पुट्टीची पट्टी. टॉर्च. चपट्या तोंडाची पक्कड. हातमोजे कापडी नकोत, काचेच्या कामाचे, पकड असलेले. चष्मा. बंद बूट. जुने स्क्रू ॲल्युमिनियममध्ये गंजून धरलेले असतात, म्हणून गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. ऐनवेळी मारून लगेच पिळलं तर डोकं झिजतं, मग ड्रिलने काढत बसावं लागतं.

जागा. पडदा आणि पडद्याची दांडी काढा. दारासमोर निदान शटरच्या रुंदीच्या दुप्पट फरशी मोकळी करा. शटर ठेवायला जुनी गादी किंवा जाड घोंगडी. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेचा पृष्ठभाग दणकट असतो पण कड आणि कोपरा नाजूक, आणि कोपरा नुसता फरशीला टेकला तरी सबंध काच खडीसारखी फुटून खाली येऊ शकते. शटर भिंतीला उभं टेकवून ठेवू नका, ते घसरतं. मुलं आणि प्राणी दुसऱ्या खोलीत, दार लावून. पावसाचा किंवा वाऱ्याचा दिवस टाळा. सकाळी सुरू करा, म्हणजे संध्याकाळी घराला दार असेल.

आता रोलर. शटरच्या खालच्या कडेला, दोन्ही टोकांना, प्लॅस्टिकची छोटी बुचं दिसतील. काही दारांत ती आतल्या तोंडावर असतात, काहींत उभ्या कडेच्या तळाशी. नखाने किंवा पट्टीने ती काढा, आत स्क्रू आहे. तो फिरवला की चाक खाली बाहेर येतं किंवा वर आत जातं. चाक जितकं बाहेर, तितकी शटरची एकूण उंची जास्त. चौकटीच्या वरच्या खाचेतली मोकळी जागा मात्र तेवढीच राहते. शटर निघतं ते वर उचलून, त्या मोकळ्या जागेत ढकलून, मग तळ आपल्याकडे ओढून. चाकं बाहेर असली तर वरची जागा आधीच संपते आणि तळ ट्रॅकची कड ओलांडत नाही. मग माणूस जोर लावतो. दोघं मिळून आणखी जोर लावतात. वरची ॲल्युमिनियमची खाच फाकते, आणि फाकलेली खाच पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून रोलर आत घ्या. दोन्ही टोकांचे. पूर्ण.

फिरवायची दिशा बहुतेक दारांत अशी: घड्याळाच्या दिशेने शटर वर चढतं, उलट्या दिशेने खाली बसतं. पण सगळ्यांत तशी नसते, म्हणून पाव फेरा फिरवा आणि शटरखालच्या फटीत टॉर्च मारून बघा. फिरवताना किती आटे झाले ते मोजा आणि त्याच चिकटपट्टीवर लिहा: डावा किती, उजवा किती. परत बसवताना तिथूनच सुरुवात करायची आहे. स्क्रू जड लागला तर पिळू नका, त्याच्यावर सगळं वजन आहे. जोडीदाराने लाकडाच्या तुकड्यावर पट्टी टेकवून शटरचं ते टोक २ मिमी उचलून धरायचं, मग स्क्रू बोटांनी फिरतो. हे न करता पिळणाऱ्यांच्या स्क्रूचं डोकं जातं आणि रोलर बाहेरच अडकतात. स्क्रूच नसेल तर तुमच्या दाराचे रोलर ठरावीक उंचीचे आहेत. मग उचलून बघा, पण हळूच, आणि अडलं की थांबा.

एक गोष्ट उचलायच्या आधी: वरच्या खाचेत, साधारण दार पूर्ण बंद असताना शटरच्या डोक्यावर येईल अशा जागी, प्लॅस्टिकचा किंवा रबराचा ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो. बाहेरून कुणी शटर उचलून काढू नये म्हणून तो असतो, आणि तो तुम्हालाही उचलू देणार नाही. काढा, स्क्रूसकट डबीत ठेवा. जाळीचं शटर आतल्या बाजूला असेल तर तेही आधी.

उचलताना दोघं खोलीच्या आत, एकेका उभ्या कडेशी, पाठ ताठ, गुडघ्यातून. काचेवरची पट्टी वाचा. रोलर आत घेतले? दोन्ही? मग सरळ वर, तळ आत, हळूच खाली. काही रोलरमागे स्प्रिंग असते, शटर उचललं की चाक पुन्हा खाली उतरतं आणि ट्रॅकला अडकतं. ते पुट्टीच्या पट्टीने वर दाबून कडेवरून सोडवायचं. इथेही जोर लावायचा नाही.

शटर गादीवर आहे तोवर ट्रॅक नीट बघून घ्या, अशी संधी पुन्हा येत नाही. कडेवरून बोट फिरवा, हातमोजा घालूनच. चेप असेल तर दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या लावून चपट्या पकडीने सरळ करा. कड झिजून धारदार झाली असेल तर जुन्या ट्रॅकवर चढवायची स्टेनलेस स्टीलची टोपी मिळते. तिच्यामुळे कड जाड होते, तेव्हा रोलरची खाच तिच्यावर बसेल का ते नवे रोलर घ्यायच्या आधी तपासा. खालच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती तारेने मोकळी करा, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघा. पाणी घरात येतं म्हणून हीच भोकं सिलिकॉनने बुजवलेली दिसतात, आणि मग पाणी खरोखरच घरात येतं.

कडेची ब्रशपट्टी चपटी झाली असेल तर तीही आताच. जुना तुकडा नेऊन तळपट्टीची रुंदी आणि केसांची उंची जुळवा. खाचेत सरकवताना ताणू नका, ताणलेली पट्टी पुढे आखडते आणि कोपऱ्यात फट पडते.

रोलर बदलताना जुना स्क्रू काढा, घर पट्टीने हळू उचकटा, पोकळीतली माती झटका, नवा त्याच दिशेने बसवा. आणि आता पुन्हा तेच, कारण नेमकं इथे लक्षात राहत नाही: नवा रोलर बहुधा अर्धा बाहेर आलेला मिळतो. शटर उभं करायच्या आधी नवे रोलरसुद्धा पूर्ण आत घ्या. जुने आत घेतले होते म्हणून काम झालं असं नाही, ते आता कचऱ्यात आहेत. नवे आत घ्या. चाकं सारखी आत गेली का ते बोटाने चाचपा.

परत बसवायचं: डोकं आधी वरच्या खाचेत, वर उचला, तळ ट्रॅकवर आणा, हळू सोडा, दोन्ही चाकं कडेवर बसली का टॉर्चने बघा. मग रोलर बाहेर काढा, लिहून ठेवलेले आटे, त्यानंतर अर्धा अर्धा फेरा, पुन्हा वजन उचलून धरून. तळ ट्रॅकला घासायचा थांबला की पुरे. फार वर चढवलं तर डोकं घासतं. दार चौकटीजवळ आणा आणि फट बघा. वर फट, खाली टेकलेलं असेल तर मागचा रोलर वाढवा. खाली फट, वर टेकलेलं असेल तर पुढचा.

लॉक: लॉकचा हुक चौकटीवरच्या पट्टीत जात नसेल तर पट्टीचे स्क्रू सैल करा, वरखाली सरकवा, कसा. बुचं लावा. वरचा ठोकळा परत लावा, त्याच्याशिवाय दार बाहेरून उचलता येतं. जाळीचं शटर. मुलांना बाहेर सोडायच्या आधी दार दहा वेळा उघडझाप. चिकटपट्टी काढा; दुसरं शटरही करायचं असेल तर काढू नका, त्याच्या काचेवर लावा, तिथेही रोलर आधी आत.