टोन दिसला म्हणजे सापडला असं नाही: सबटोन ओळखताना या चुका टाळा

जूनचा पहिला आठवडा होता. देवगडला एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्राच्या पडवीत आम्ही रिपीटरचा, म्हणजे ऐकलेला सिग्नल पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्राचा, सबटोन शोधत बसलो होतो. सबटोन म्हणजे बोलण्याखाली सतत चालणारा मंद सूर, तो जुळला तरच असा रिपीटर उघडतो. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या आणि टोन मोजणाऱ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर १००.० हर्ट्झ हा आकडा अगदी स्थिर उभा होता. "गावलो रे टोन!" म्हणत मित्राने तो रेडिओ संचात भरला आणि पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबलं. रिपीटर ढिम्म. केबल बदलून पाहिली, अँटेना फिरवून पाहिला, त्यात दोन तास गेले. मग कोकणात पावसाळ्यात होतं तेच झालं, वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण स्क्रीनवरचा शंभर मात्र विजेसोबतच गेला.

आम्ही दोन तास चार्जरचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, मोजत होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती रेक्टिफायरमधून गेली की १०० हर्ट्झचा तरंग (रिपल) उरतो आणि १००.० हा सीटीसीएसएसचा, म्हणजे सबटोनच्या नेहमीच्या पद्धतीचा, प्रमाणित टोन आहे. ५०च्या पटीतला १५० हा १५१.४ च्या शेजारी बसतो आणि २५० तर २५०.३ ला जवळपास चिकटतोच. म्हणून यांपैकी काही दिसलं की आधी चार्जर काढा, संच आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर घ्या. मग चॅनेलवर कोणीच बोलत नसताना बघा. समोरून सिग्नल नसतानाही टोन दिसतोय, तर तो हवेतला नाही, तुमच्या केबलमधला आहे.

आवाज कुठून घेताय?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. सबटोन ६७ ते २५४.१ हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. ऐकणाऱ्याला ही गुणगुण नको म्हणून संच ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं स्पीकरकडे जाण्याआधीच कापून टाकतो. त्यामुळे इअरफोनच्या जॅकला वायर लावून कितीही वेळ बसलात तरी हाती फार काही लागत नाही. आवाज घ्यायचा तो डिस्क्रिमिनेटरवरून (सिग्नलमधून आवाज वेगळा करणाऱ्या भागावरून), फिल्टरच्या आधी. एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, वापरत असाल तर सॉफ्टवेअरमधला ऑडिओ फिल्टर बंद करा. नवीन माणसाला मी डोंगलच सुचवतो, चालू संचाच्या पोटात वायर सोल्डर करायची हौस नंतर भागवावी.

टोन मुळात मंद असतो, हेही ध्यानात ठेवा. आवाजाने फ्रिक्वेन्सी किती सरकते ते डेव्हिएशन. रुंद, म्हणजे ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या चॅनेलवर तो साधारण ७५० हर्ट्झ डेव्हिएशनचा आणि अरुंद चॅनेलवर त्याच्या निम्मा. पुरुषी आवाजाचा मूळ सूरही याच पट्ट्यात येतो. चांगला संच बोलणं पाठवताना तो भाग गाळतो, स्वस्तातला नीट गाळत नाही. म्हणून माणूस पीटीटी दाबून शब्द शोधत थांबलेला असतो, त्या क्षणी आकडा वाचा. बोलण्याच्या मध्ये वाचलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

घाई

६७.० आणि ६९.३ यांत अंतर फक्त २.३ हर्ट्झ, १६५.५ आणि १६७.९ यांत २.४. इतकं बारीक वेगळं करायला किमान अर्धा सेकंद ऐकावं लागतं, एक सेकंद मिळाला तर उत्तम. "हॅलो" म्हणून सोडलेल्या पीटीटीवरून निकाल लावू नका. खालच्या टोनला संचातला टोन ओळखणारा डिकोडरही जास्त वेळ घेतो, म्हणून बोलणाऱ्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. अशा वेळी संच बिघडला म्हणून दुरुस्तीला नेऊ नका. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला.

रिपीटर बाहेर काय सोडतो, आत काय मागतो

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण यात डिकोडर बरोबर असतो आणि आपण चुकतो. रिपीटर उघडायला लागणारा टोन त्याच्या इनपुटवर, म्हणजे तो ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर असतो. पुष्कळ रिपीटर तो टोन आतच गाळतात आणि आउटपुटवर, म्हणजे ते पाठवतात त्या फ्रिक्वेन्सीवर, काहीच सोडत नाहीत, किंवा दुसराच सोडतात. आउटपुट ऐकून मिळालेला आकडा भरला आणि रिपीटर उघडला नाही, तर इनपुट ऐका. हॅमच्या २ मीटर बँडवर ते आउटपुटपासून सहसा ६०० किलोहर्ट्झ सरकलेलं असतं, संचावर इनपुट ऐकवणारं रिव्हर्सचं बटण असेल तर तेच दाबा. कोकणात अडचण अशी की बोलणारा खाडीपल्याड डोंगराच्या आड असला तर रिपीटर त्याला ऐकतो, आपण नाही. अशा वेळी रिपीटर सांभाळणाऱ्यांना सरळ विचारावं. परवानाधारकाला ते आनंदाने सांगतात, यात कमीपणा कसला?

उन्हाळ्यातल्या शांत संध्याकाळी समुद्रावरून व्हीएचएफ, म्हणजे या संचांच्या रेडिओ लहरी, कधीकधी शेकडो किलोमीटर येतात. त्याच फ्रिक्वेन्सीवरचा लांबचा रिपीटर मग जवळचाच वाटतो. त्या संध्याकाळी मिळालेला टोन दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तपासा.

डीसीएसचे दोन चकवे

डीसीएस ही सबटोनसारखंच काम करणारी डिजिटल पद्धत. हा टोन नव्हे, २३ बिटांचा शब्द. तो १३४.४ बिट प्रतिसेकंद या वेगाने न थांबता पुन्हापुन्हा येतो. शब्द कुठे सुरू होतो याची खूण नसते, त्यामुळे तोच प्रवाह ०२३, ३४० किंवा ७६६ असा वाचता येतो. प्रमाणित यादीत यांपैकी ०२३ च आहे. दुसरा चकवा पोलॅरिटीचा. वाटेतल्या एखाद्या ॲम्प्लिफायरने सिग्नल उलटा केला की ०२३ नॉर्मल तुम्हाला ०४७ दिसतो. कोड बरोबर वाटूनही संच उघडत नसेल तर इन्व्हर्ट करून बघा. आणि साउंडकार्ड फार खालची फ्रिक्वेन्सी गाळत असेल तर डीसीएसचे चौकोनी बिट वाकडे होतात. सीटीसीएसएस व्यवस्थित वाचणारी जोडणी डीसीएसला नापास होते ती यामुळेच.

मेनूतल्या क्रमांकांचाही घोळ आहे. एका संचातला "टोन २" म्हणजे ६९.३, दुसऱ्यातला ७१.९. फोनवर सांगताना हर्ट्झच सांगा. त्या क्रमांकांना काही ठिकाणी "प्रायव्हसी कोड" म्हणतात, पण टोन काहीही लपवत नाही. ज्याने टोन लावलेला नाही, तो तुमचं सगळं बोलणं ऐकतो.

आणि बोटवाल्या घरांसाठी: मरीन व्हीएचएफवर सबटोन नसतो. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटात सगळ्यांना ऐकू यावा म्हणूनच ठेवलेला आहे. किनाऱ्यावरच्या स्कॅनरमध्ये त्या मेमरीला आधीच्या चॅनेलचा टोन स्क्वेल्च (टोन जुळल्याशिवाय स्पीकर न उघडणारी सोय) चिकटून राहिला, तर मदतीची हाक समोरून येईल आणि तुमचा स्पीकर गप्प राहील. समुद्र खवळायच्या आधी त्या मेमरीचा टोन ऑफ आहे ना, हे मेनू उघडून स्वतः बघा.