छोटी मोटरबोट चालवताना या चुका टाळा

छोट्या मोटरबोटीत बसणाऱ्याला भीती असते ती बोट बुडण्याची. म्हणून तो हवामानाचा अंदाज बघतो, तळ ठीक आहे ना याची खात्री करतो. आणि मग निवांत पाण्यात, स्वच्छ उन्हात, अडकलेली दोरी सोडवायला कडेवर वाकतो आणि पाण्यात जातो. बोट शाबूत, इंजिन चालू, फक्त माणूस बोटीत नाही. चार-पाच मीटरच्या बोटीत सगळ्यात जास्त सांभाळायचं ते हेच, माणूस आणि बोट यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. खालच्या बहुतेक चुका फिरून फिरून तिथेच येतात.

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवणं

"गरज पडली की घालू" असं म्हणणाऱ्याला गरज पडते तेव्हा तो पाण्यात असतो आणि जॅकेट बोटीत. हातात आलं तरी पाण्यात ते अंगावर चढवणं किती अवघड असतं, हे एकदा कंबरभर पाण्यात, कुणी सोबत असताना करून बघा. पट्टे हाती लागत नाहीत, जॅकेट वर वर पळतं, आणि एवढं करताना तोंड पाण्याबाहेर ठेवायचं असतं.

"मला पोहता येतं" हे दुसरं ठरलेलं उत्तर. पण गार पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. धाप लागते, तोंड आपोआप उघडतं, आणि नेमकं तेव्हा डोकं पाण्याखाली असेल तर पोहण्याची वेळच येत नाही. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटं वळेनाशी होतात. शरीर थंड पडून शुद्ध हरपायला मात्र तासभर लागू शकतो. थंड पाण्यातला बचाव शिकवणारे हे १-१०-१ असं लक्षात ठेवायला सांगतात. म्हणजे गारठून मरण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडतो, आणि जॅकेट त्याला तो मधला वेळ मिळवून देतं. पाणी बर्फासारखं असायलाच हवं असंही नाही, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं.

जॅकेट मापाचं आहे का ते बघायला घालून, पट्टे आवळून, दुसऱ्याला ते खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा. हनुवटी आणि कान आत गेले तर ते तुमचं नाही. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खालून निसटतं. फुगणारं जॅकेट असेल तर गॅसची नळकांडी घट्ट बसलेली आहे ना ते निघण्याआधी बघा, आणि त्यावर रेनकोट चढवू नका. आत फुगायला जागाच उरणार नाही.

किल स्विचची दोरी नुसती लटकत ठेवणं

ती लाल, गुंडाळीची दोरी पुष्कळ बोटींवर शोभेला असते. एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं तिथेच कुठेतरी अडकवलेलं. चालवणारा पडला की इंजिन बंद व्हावं, एवढंच तिचं काम. ते झालं नाही तर सुकाणू मोकळं सुटतं, इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या पिळाने एका बाजूला वळतं आणि बोट गोल गोल फिरू लागते. फिरत फिरत ती जिथे माणूस पडला तिथेच परत येऊ शकते. पाण्यातल्या माणसाला आपल्याच बोटीपासून जीव वाचवावा लागतो, यावर कधी न पडलेल्याचा विश्वास बसत नाही. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान आणि ३ हॉर्सपॉवर किंवा त्याहून जास्त ताकदीच्या बोटींना, हा स्विच बसवलेला असेल तर, तो वापरणं १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झालं, ते याच कारणाने.

दोरी गुडघ्याच्या वर बांधा किंवा जॅकेटच्या भक्कम कडीला अडकवा. प्रत्येक फेरीआधी इंजिन चालू करून ती एकदा ओढा. इंजिन थांबलं पाहिजे. थांबलं नाही तर बोट बांधून ठेवा, दुरुस्तीनंतर बघू.

हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे दुसरी दोरी. चालवणारा दोरीसकट पाण्यात गेला तर मागे राहिलेल्यांनी इंजिन चालू करायचं कशाने? जादा दोरी बोटीत ठेवा आणि ती कुठे आहे हे निदान आणखी एकाला दाखवून ठेवा.

पडलेल्या माणसाकडे घाईने बोट वळवणं

आधी ओरडायचं. एकाने पडलेल्याकडे हाताने दाखवत राहायचं आणि नजर हलवायची नाही, कारण लाटांमध्ये डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा हरवलं की सापडत नाही. तरंगणारं जे हाताला येईल ते फेकायचं. चालवणाऱ्याने सुकाणू त्याच बाजूला वळवायचं ज्या बाजूला माणूस पडला. ऐकायला उलटं वाटतं. पण बोट गाडीसारखी पुढून वळत नाही, तिचं बूड बाहेर फिरतं. तोंड माणसाकडे वळलं की मागचा पंखा त्याच्यापासून लांब जातो.

परत जाताना वाऱ्याकडे तोंड करून, सावकाश. माणूस जवळ आला की इंजिन बंद करायचं. न्यूट्रल पुरेसं नाही, धांदलीत कुणाचा तरी हात गिअरला लागतोच. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५० वेळा पातं एकाच जागेवरून जातं. पाय मागे घ्यायला वेळ मिळत नाही.

आणि वर घ्यायचं कसं, याचा विचार किनाऱ्यावर करून ठेवा. ओल्या कपड्यांतला, दमलेला मोठा माणूस दोघांनाही कडेवरून ओढता येत नाही आणि ओढताना दोघंही एकाच बाजूला आल्याने बोट कलते. शिडी हवी, पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता येईल अशी. शिडी नसेल तर दोरीचा फास करून पायरीसारखा सोडायचा, हा कामचलाऊ उपाय आहे. पण एकदा उथळ पाण्यात करून बघितलेला असावा.

वजन आणि पाणी यांना हलकं समजणं

पाच सीट आहेत म्हणून पाच माणसं, असा हिशेब करू नका. बोटीवरच्या पट्टीवर माणसांसोबत एकूण वजनही दिलेलं असतं. नांगर, टाकी, बॅटरी, सामान सगळं त्यात येतं. तीही मर्यादा शांत पाण्यासाठी. हवा बिघडलेली असेल तर त्याहून कमी.

चालत्या बोटीत उभं राहू नका. पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, पाय बाहेर सोडून तर अजिबात बसू नका. तिथून पडणारा सरळ बोटीखाली जातो.

बोटीत साठलेल्या पाण्याचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही. ४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद सपाट तळावर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे ३०० किलो. आणि हे ३०० किलो जागेवर बसत नाही. बोट कलली की सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. तळाला पाणी दिसलं की लगेच उपसा, "किनाऱ्यावर गेल्यावर काढू" म्हणू नका. मागच्या फळीतल्या, पाणी काढायच्या भोकाचं बूच लावायचं मी स्वतः दोनदा विसरलो आहे. दुसऱ्या वेळेपासून इंजिनाची किल्ली बुचाला बांधून ठेवतो.

बोटीच्या मागच्या बाजूने नांगर टाकणं

सोयीचं असतं, हाताशी असतं, आणि याने बोटीत पाणी भरतं. मागे आधीच इंजिनाचं वजन, कड सगळ्यात खाली. तिथेच नांगराने बांधली की लाट मागून चढते आणि बोटीला वर उठता येत नाही. नांगर नेहमी पुढून. दोरी पाण्याच्या खोलीइतकी सोडली तर नांगर जमिनीत रुतत नाही, नुसता लटकतो. दोरी ही पाण्याची खोली आणि पाण्यापासून नाळेची उंची यांच्या बेरजेच्या पाच ते सात पट हवी. ४ मीटर खोली, १ मीटर उंची, तर २५ ते ३५ मीटर.

लाट आडवी घेणं

लाट कुशीवर येऊ देऊ नका. वेग कमी करा आणि तिला तिरकं तोंड द्या, साधारण ४५ अंशांत. मोठ्या बोटीमागे उठणाऱ्या लाटाही यातच आल्या. लाट मागून येत असेल तर तिच्यावरून घसरत पुढे पळू नका, खालच्या दरीत नाळ खुपसली की बोट आडवी फिरते. ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत अशा वेळी खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. थांबता येत असेल तर पाणी फिरेपर्यंत थांबा.

पेट्रोलची वाफ

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती उडून न जाता बोटीच्या तळाशी साठते. सुटी टाकी बोटीत ठेवून भरू नका. बाहेर काढून जमिनीवर ठेवा, नळीचं तोंड टाकीला टेकवून भरा, काठोकाठ नको. इंजिन बोटीच्या आत असेल तर चालू करण्याआधी निदान ४ मिनिटं हवा बाहेर काढणारा पंखा चालवा आणि नाकानेही खात्री करा. उलट धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसून किंवा लोंबकळून राहू नये.

इंधनाचा हिशेब तिसऱ्या हिश्श्याचा ठेवा. एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिल्लक.

इंजिन बंद पडलं की आधी झाकण उघडणं

इंजिन बंद पडलं म्हणून कुणाला इजा होत नाही. बंद इंजिनावर वाकलेला माणूस आणि त्याच वेळी आडवी झालेली बोट मिळून घात करतात. म्हणून बंद पडल्यावर पहिलं काम नांगर टाकण्याचं. नाळ वाऱ्याकडे वळते, वाहत जाणं थांबतं. सगळ्यांना खाली बसवा. मग बघा.

चालूच होत नसेल तर क्रमाने जा. किल स्विचची क्लिप निसटली आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं आणि चेहरा लपवावा लागतो. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद असेल तर इंजिन आधी छान चालतं, काही मिनिटांनी घुटमळतं आणि थांबतं, कारण टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. नळीतला रबरी फुगा दाबून बघा. तो कडक झाला पाहिजे. मऊच राहत असेल तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी हवा शिरतेय. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. पेट्रोलचा वास येत असेल तर चोक जास्त झाला. चोक बंद करून थोडा वेळ थांबा.

इंजिन मोठ्याने ओरडतंय आणि बोट जागची हलत नाही? पंख्याची पिन तुटली असेल किंवा आतला रबर सुटला असेल. पिन असणाऱ्या इंजिनासाठी जादा पिन आणि पाना बोटीतच असू द्या. एकदम अडकून बंद पडलं तर पंख्यात दोरी किंवा जाळं असणार. किल स्विचची दोरी काढून खिशात घाला, मगच इंजिन वर उचलून हात घाला.

चालू इंजिनाची एक खूण सतत बघायची असते, ती मागून पडणारी पाण्याची बारीक धार. तेच पाणी इंजिन गार ठेवतं. धार थांबली की लगेच इंजिन बंद करा. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर गवत किंवा प्लॅस्टिक चिकटलेलं असतं, ते काढून बघा. तरीही धार नसेल तर पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चक्र, गेला, आणि तो पाण्यात दुरुस्त होत नाही. वल्ही घ्या. वल्ही नाहीत? मग तीही एक चूक झाली.

समोरच्याला आपण दिसतोय असं धरून चालणं

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत. छोट्या बोटीला त्यातले तीन-चार रोज लागतात. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. दोन मोटरबोटींचे मार्ग छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे, तिने वाट द्यायची. रात्री उजवीकडून लाल दिवा आडवा येताना दिसला तर वाट देणारे तुम्ही. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने लांबून जायचं. अरुंद मार्गात मोठ्या जहाजाच्या वाटेत यायचं नाही, मग नियम काहीही आठवत असोत. नाळेखालचं पाणी त्याला दिसत नाही आणि ठरवलं तरी ते चटकन थांबत नाही.

समोरची बोट जवळ येतेय पण तिची दिशा बदलत नाही, तुमच्या बोटीवरच्या त्याच खुंटीच्या रेषेत ती दिसत राहते, तर टक्कर ठरलेली आहे. वळायचं असेल तर लवकर आणि ठळकपणे वळा, म्हणजे समोरच्याला कळेल.

उलटलेली बोट सोडून पोहत निघणं

किनारा पाण्यातून नेहमी जवळ दिसतो. बोट तरंगत असेल तर तिलाच धरून राहा, शक्य तेवढं अंग पाण्याबाहेर काढा. शोधणाऱ्यांना उलटी बोट दिसते, एकटं डोकं दिसत नाही. व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा रेडिओ, असेल तर चॅनल १६ वर तीनदा "मेडे" ही संकटाची हाक, मग बोटीचं नाव, जागा, माणसं किती, झालं काय. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि अंगावर हवा. शिट्टी जॅकेटलाच बांधलेली असावी, खणात ठेवलेली शिट्टी बोटीबरोबर उलटते.

कुणालाही न सांगता निघणं

कुठे जाणार, कोण कोण आहे, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर मदत बोलवायची, एवढं किनाऱ्यावरच्या एकाला लिहून द्या. मात्र परत आल्यावर बोट बांधायच्या आधी त्याला फोन करा. आपण घरी जेवत असताना लोक अंधारात आपल्याला शोधत फिरले, असंही होतं.