जिप्सीचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट घरच्या घरी बदलायचा असेल तर

आधी नावाचा घोळ निस्तरू, कारण दुकानात जाऊन नुसतं "पुढचा ड्राइव्ह शाफ्ट द्या" म्हणालात तर काउंटरवरचा माणूस रबरी बूटवाला, चाकाकडे जाणारा शाफ्ट समोर ठेवतो, जो स्विफ्ट-अल्टोला लागतो. आपल्याला हवाय तो ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) पुढच्या डिफरेन्शिअलपर्यंत (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) जाणारा, दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे अधिक चिन्हासारखा वाकणारा सांधा, असलेला दांडा. जिप्सीत असे तीन असतात, एक गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस असा आखूड, एक मागचा आणि एक पुढचा, त्यामुळे सरळ "जिप्सीचा पुढचा प्रोपेलर" असं म्हणायचं आणि जमलं तर जुना काढून सोबतच न्यायचा.

माझी गाडी 2004 ची, आर्मी डिस्पोजलमधून आलेली, 1298 सीसीवाली. गेल्या पावसाळ्यात वरंधा घाट उतरून महाडला जाऊन आलो आणि मग गाडी फोर व्हील ड्राइव्हला टाकली की खालून "टक्" असा एक आवाज यायला लागला, क्लच सोडताना एकदा आणि अॅक्सिलरेटर सोडला की परत एकदा. खाली वाकून बघितलं तर शाफ्टच्या टोकाशी, बरोबर क्रॉसच्या वर, चॅसिसवर आणि फ्लोअरच्या पत्र्यावर तांबूस ग्रीसचा पट्टा उडालेला. हा पट्टा दिसला की समजायचं, सील गेलंय, आत पाणी शिरलंय आणि बेअरिंगच्या सुया गंजल्यात. पुढच्या शाफ्टचं हे नेहमीचंच दुखणं आहे, वर्षातले अकरा महिने तो नुसता लटकलेला असतो, कोणी ग्रीस मारत नाही, आणि मग एकदम चिखलात त्याच्याकडून काम करून घ्यायचं म्हणतो आपण.

पण आवाज आला म्हणून लगेच अख्खा शाफ्ट आणायला पळू नका. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून चांगले मोठे दगड लावा. ट्रान्सफरचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवूनसुद्धा घरंगळते हे लक्षात असू द्या, नुसत्या गिअरच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. मग शाफ्ट हातात धरून वर-खाली आणि उलटसुलट पिरगाळून बघा. क्रॉसमध्ये खेळ असेल तर टोपीपाशी, म्हणजे क्रॉसच्या टोकावरच्या बेअरिंगच्या वाटीपाशी, हलताना दिसतं. मधे सरकणारा जो लांबीच्या दिशेने खाचा असलेला भाग असतो, त्याला स्प्लाइन म्हणतात, तिथे दोन हातांनी दोन्ही बाजू विरुद्ध फिरवून बघा. फक्त क्रॉस गेला असेल तर फक्त क्रॉस बदला, पण स्प्लाइनलाच खेळ असेल किंवा नळीला दगडाचा पोचा आला असेल तर क्रॉस बदलून पैसे वाया जातात, तिथे शाफ्टच बदलायचा. माझ्या गाडीत दोन्ही क्रॉस आणि स्प्लाइन, सगळंच उतरलेलं.

काम तसं आठ बोल्टचं आहे, चार ट्रान्सफरकडचे, चार डिफरेन्शिअलकडचे. दोन्हीकडे फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चपटी चकती, असल्यामुळे शाफ्ट काढला तरी तेल सांडत नाही, हे एक सुख. माझ्या गाडीला 12 चा पाना लागला, तुमच्यात आधी कोणी भलतेच बोल्ट घातले असतील तर बघून घ्या. रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने डोकी गोल झाली की मग छिन्नी-हातोड्याची वेळ येते आणि तिथे हातोडा फिरवायला जागाच नसते. आदल्या रात्री बोल्टवर डब्ल्यूडी फॉर्टी नाहीतर साधं डिझेल मारून ठेवा. आणि चष्मा किंवा गॉगल लावून खाली झोपा, वाळलेला चिखल नेमका डोळ्यातच पडतो.

आता जे सांगतो ते पान्याला हात लावायच्या आधीचं आहे. खुणा करायच्या. फ्लँज आणि शाफ्ट यांच्या जोडावर दोन्हीकडे, आणि स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर एका रेषेत. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा शहाणपणाने खुणा केल्या होत्या पण मार्करने, आणि मग शाफ्ट काढून अंगणात बसून डिझेलने इतका स्वच्छ घासला की खुणाही गेल्या, वर उत्साहात स्प्लाइन ओढून दोन तुकडे वेगळे केले. परत घातला तो अंदाजाने. गाडी 40 च्या पुढे गेली की पायाखालचा पत्रा असा थरथरायचा की आरशात मागचं काही दिसायचं नाही. तेव्हापासून मी सेंटर पंचने टिंब मारतो, ते डिझेलने जात नाही.

थरथर का येते तेही सांगून टाकतो. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा पुढचा भाग एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा जरा जलद आणि दोनदा जरा सावकाश होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच गडबड उलटी करून मिटवतो, पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान, म्हणजे ज्यात क्रॉसच्या टोप्या बसतात ते, एका सरळ रेषेत पाहिजेत. स्प्लाइन कुठल्याही खाचेत जाते, तिला काही कळत नाही, आणि कान एकमेकांना काटकोनात आले की गडबड मिटायच्या ऐवजी दुप्पट होते. नवीन शाफ्ट आणलात तरी तो जमिनीवर ठेवून आधी कान रेषेत आहेत का बघा, दुकानात कोणीतरी ओढून परत खुपसलेला असू शकतो.

बोल्ट सोडताना एक युक्ती. एका वेळी दोनच बोल्ट हाताला येतात, बाकीच्यांसाठी शाफ्ट फिरवावा लागतो. ट्रान्सफर टू व्हीलला ठेवून हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवली, तर शाफ्ट हाताने फिरतो, बोल्ट समोर आला की वरून पोराला सांगायचं, "फोर एचला टाक" (फोर व्हील, हाय), म्हणजे शाफ्ट जाम होतो आणि पान्याला जोर लावता येतो. हब फ्री होणारे नसतील तर पुढचं एक चाक जॅकने उचलून फिरवायचं, पण मग जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर अजिबातच नाही. सगळे बोल्ट सैल करून घ्या, मग एका बाजूचे चार काढा, ते टोक तारेने चॅसिसला बांधा आणि नंतर दुसरीकडचे काढा. बांधायचं विसरलात तर सुटलेलं टोक खाली येतं, आणि खाली तुमचं तोंड असतं. फ्लँज चिकटून बसला असेल तर शाफ्ट मधल्या स्प्लाइनवर आत दाबायचा आणि फ्लँजला लाकडाच्या ठोकळ्यावरून हळू टकटक करायची.

जुना आणि नवीन शेजारी ठेवून लांबी, फ्लँजची भोकं आणि नळीवर वेल्डिंग केलेले बॅलन्सचे छोटे तुकडे बघून घ्या. हे तुकडे कचरा समजून पॉलिश पेपरने घासणारे महाभाग मी बघितलेत. गाडीला लिफ्ट किट असेल तर कंपनीच्या लांबीचा शाफ्ट अपुरा पडू शकतो, चाक खड्ड्यात लटकलं की स्प्लाइन जवळजवळ बाहेर येते, त्यावर उपाय लेथवाल्याकडे नाहीतर स्पेसरचा, पण तो वेगळा विषय.

फक्त क्रॉस बदलणाऱ्यांसाठी थोडक्यात, सर्क्लिप (टोपी अडवून धरणारी स्प्रिंगची रिंग) काढा, व्हाइसमध्ये एका बाजूला छोटा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला मोठा ठेवून दाबा, टोपी मोठ्या सॉकेटमध्ये निघून येते. नवीन टोपी बसवताना आतल्या सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवा. एखादी सुई टोपीच्या तळाशी आडवी पडली की टोपी केसभर बाहेर राहते, सर्क्लिप खाचेत बसत नाही, आणि आपण वेड्यासारखं हातोड्याने ठोकत बसतो. ठोकू नका, टोपी काढा, सुई उभी करा. ग्रीसचं निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, गन पोचेल अशा बाजूला आलं पाहिजे, हे बसवल्यावर नाही, बसवायच्या आधी बघायचं असतं.

नवीन शाफ्ट चढवताना फ्लँजची तोंडं पुसून कोरडी करा, रंग किंवा गंजाचा पापुद्रा मधे राहिला तर बोल्ट नंतर सैल होतात. सगळे बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने. 8 एमएमच्या 8.8 ग्रेडच्या बोल्टला साधारण 25 न्यूटन मीटर पुरे, टॉमी (पान्याला जोडायचा लांब दांडा) लावून लोंबकळलात तर आटे जातात. बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर मी नवीनच घालतो, चार पैशांसाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

ग्रीस मारताना क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, एकातून नाही आलं तर शाफ्ट थोडा हलवून परत. स्प्लाइनच्या निप्पलला मात्र दोन-तीन पंपच, तिथे ठासून भरलं तर गाडी खड्ड्यात दबली की ग्रीसला जायला जागा नसते आणि सीलच बाहेर येतं.

ट्रायल डांबरी रस्त्यावर फोर एचमध्ये घेऊ नका, जिप्सीला मधलं डिफरेन्शिअल नाही, वळणावर सगळं आवळून बसतं. हब लॉक करा, लिव्हर टू व्हीललाच ठेवा आणि 50-60 ने चालवा, चाकं शाफ्टला फिरवतात पण त्यावर लोड नसतो, थरथर असेल तर इथेच कळते. मग कच्च्या रस्त्यावर फोर एच टाकून टक् येतोय का ऐका. शे-दीडशे किलोमीटरनंतर परत एकदा आठही बोल्टना पाना लावायचा.

आणि नवीन शाफ्ट मिळायला आठवडा लागणार असेल तर गाडी उभी ठेवायची गरज नाही. जुना काढून मागे टाका, टू व्हीलमध्ये जिप्सी आरामात चालते. हे फक्त अशा पार्टटाइम फोर व्हीलवाल्या गाड्यांना लागू आहे, मधलं उघडं डिफरेन्शिअल असलेल्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचा पुढचा शाफ्ट काढलात तर ते लॉक केल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, इंजिन नुसतं रिकामा फ्लँज गरगर फिरवत बसेल.