मुंबईत दारू सोडायची मीटिंग कशी शोधायची आणि पहिल्यांदा कसं जायचं

रोज सकाळी "आजपासून बंद" म्हणणारे मुंबईत कमी नाहीत आणि संध्याकाळी स्टेशनला उतरल्यावर ज्यांचे पाय बारकडे वळतात ते पण तेच लोक असतात. म्हणून एएची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग शोधायला बसलात की आधी आपली प्यायची वेळ बघा. साडेसातला गाडीतून उतरून घरी जायच्या आधी क्वार्टर मारायची सवय असेल तर मीटिंग पण त्याच वेळेची हवी, आणि जमलं तर स्टेशन ते घर ह्याच रस्त्यावरची. रविवारी सकाळची लांबची मीटिंग कितीही भारी असली तरी जीव कासावीस होतो तो मंगळवारी संध्याकाळी, तेव्हा कुठे बसायचं ते आधी ठरलेलं पाहिजे.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले तिथून हे सुरू झालं आणि भारतात 1957 पासून आहे. फी नाही, आधार कार्ड कोणी मागत नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा. एए इंडियाच्या वेबसाइटवर मीटिंगची माहिती आणि फोन नंबर मिळतात. नुसत्या यादीवर विसंबून निघू नका, वेळ आणि जागा बदलते, त्यामुळे फोन करून विचारा की आज मीटिंग नक्की आहे ना, मराठीत असते का, आणि ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला सोडायचीय तोच. एएवाल्यांना फोन करायला जीभ रेटत नसेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, 14446, टोल फ्री, सुरुवात तिथून करा.

आता एक गोष्ट नीट वाचा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम सुटतो, घोट घेतल्याशिवाय बरं वाटत नाही अशी अवस्था असेल तर स्वतःच्या मनाने एका झटक्यात बंद करू नका. पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्यातिसऱ्या दिवशी भास व्हायला लागतात, आणि ह्यात माणूस जाऊ शकतो. आधी डॉक्टर. केईएम, सायन, नायर कुठेही मानसोपचारच्या ओपीडीत केसपेपर काढा आणि रोज किती पिता ते खरं सांगा, निम्मं करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावर ठरतो. मीटिंग म्हणजे औषध नव्हे, पण दोन्ही एकत्र चालू शकतं.

बऱ्याच मीटिंगा म्युनिसिपल शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात, चर्च बघून बिचकू नका, जागा फक्त वापरायला घेतलेली असते. बाहेर मोठा बोर्ड असेलच असं नाही, वॉचमनला "एएची मीटिंग कुठेय" एवढं विचारा, त्याला सवय असते. आत गेलात की पोरांचे बुटके बाक, त्यात गुडघे कसेबसे बसवलेली मोठी माणसं, फळ्यावर दुपारचं गणित तसंच, आणि शेजारी खिळ्याला लटकवलेला बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारू सोडायच्या एएच्या बारा टप्प्यांचा, गुंडाळीचा तक्ता. कोणीतरी पाच मिनिटांत चहा हातात देईल. नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे, आडनाव सांगायचं नाही. बोलायची सक्ती नसते, "आज ऐकायला आलोय" म्हटलं की विषय संपला. एकेक जण उठून आपली कहाणी सांगतो, मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, शेवटी प्रार्थना होते. देव मानत नसाल तरी बसा, तिथे ज्याने त्याने आपल्याला समजलेला ईश्वर धरायचा असतो. पैशाची पिशवी फिरते, नव्या माणसाने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही.

ओळखीचं कोणी भेटलं तर, ही भीती सगळ्यांनाच असते. भेटलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि तिथे कोण दिसलं, काय ऐकलं ते बाहेर काढायचं नाही हा तिथला रिवाज आहे. खरी अडचण वेगळी येते. समोरचा माणूस नोकरी गेली, फुटपाथवर झोपलो असं सांगत असतो आणि आपण मनात म्हणतो, मी कुठे एवढा पितो, माझी नोकरी शाबूत आहे. त्याच्या परिस्थितीकडे बघू नका, बाटली लपवताना त्याच्या मनात काय चालायचं ते ऐका, तिथे आपली गाठ पडते.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका, नाही पटली तर दुसऱ्या ग्रुपला जा, प्रत्येक ग्रुपची माणसं वेगळी. निघताना दोनतीन जणांचे नंबर नक्की घ्या, बाईमाणसांनी बायकांचेच घ्या, आणि तलफ आली की प्यायच्या आधी फोन करा, रात्र असली तरी करा, ते नंबर त्यासाठीच देतात. मधे कधी प्यायलात तरी पुढच्या मीटिंगला जा, तोंड लपवून घरी बसलात की परत महिनोन्‌महिने जातात.

घरच्यांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या मीटिंगा असतात. नवरा अजून तयार नसला तरी बायकोने किंवा आईने एकटीने जावं, त्याची वाट बघत बसू नये.