चेर्नारसच्या जंगलात वाट चुकलात तर

"ताई, मी कुठे आहे?" डे-झी हा झॉम्बींचा व्हिडिओ गेम खेळताना डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मावसभावाने असं विचारलं की मी त्याला गावाचं नाव विचारत नाही. "जमीन कुठल्या बाजूला उतरतेय?" एवढंच विचारते.

डे-झीमध्ये नुसता नकाशा हाती लागला तरी त्यावर तुमचा ठिपका नसतो, आणि खेळातला चेर्नारस हा प्रदेश आहे सुमारे २२५ चौरस किलोमीटरचं. नवे खेळाडू म्हणून रस्ते पाठ करतात, सिरिलिक लिपीतल्या पाट्या वाचायला शिकतात. पण रस्त्यावर दुसऱ्यांच्या बंदुका असतात आणि जंगलात पाट्या नसतात. जमिनीचा आकार मात्र कुठेही सोबत असतो. शिवाय तो मनाने काढलेला नाही. चेक प्रजासत्ताकातल्या ऊस्ती नाद लाबेम भागातल्या खऱ्या डोंगरांवरून तो घेतलाय. समुद्र तेवढा खेळासाठी जोडलेला. त्यामुळे भूगोलाच्या प्रॅक्टिकलला टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, जे शिकले, ते इथे जसंच्या तसं चालतं.

नकाशात उत्तर दिशा कायम वर असते, म्हणून वळायचं आपण. कंपास काढा, उत्तरेकडे तोंड करा आणि मगच नकाशा उघडा. खेळ किनाऱ्यावर सुरू होतो: समुद्र उजव्या हाताला असेल तर पूर्व किनारा, पाठीशी असेल तर दक्षिण.

आता समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. आधी त्यांच्यावरचे आकडे बघून चढ कुठल्या बाजूला आहे ते ठरवा. रेषा दाटल्या की उतार उभा, विरळ झाल्या की जमीन सपाटीची. रेषांना कोपरा पडला असेल आणि त्याचं टोक चढाकडे असेल तर ती घळ. टोक उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. दोन माथ्यांच्या मधे रेषा दोन्हीकडून आत दबल्या असतील तर तिथे खिंड. हे सह्याद्रीतले शब्द मी हट्टाने वापरते. 'कॉन्टूर' म्हटलं की भाऊ गप्प होतो. "सोंडेवरून उतर, घळ उजवीकडे ठेव" म्हटलं की चालायला लागतो, कारण राजगडाला जाताना त्याने हे सगळं पायांनी पाहिलंय.

सुरुवातीला एकदा संध्याकाळी मी एका गावाकडे नाकासमोर निघाले. वाटेत चार-पाच रेषा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, तिकडे लक्षच दिलं नव्हतं. कड्यावरून पडले, पाय मोडला, आणि काठ्या-चिंध्यांचं स्प्लिंट बांधून अंधारात लंगडत राहिले. तेव्हापासून दाट रेषा दिसल्या की त्याच उंचीवरून वळसा घालते. अंतर वाढतं, पण जीव आणि दम दोन्ही वाचतात. डोंगराच्या धारेवरूनही चालू नका; आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस लांबून दिसतो. धार डोक्यावर ठेवून थोडं खालून चला.

जागा नक्की करायची असेल तर लांबून ओळखू येणारी एक खूण आणि एक रस्ता पुरतो. झेलेनोगोर्स्क गावाच्या ईशान्येला ग्रीन माउंटनवर रेडिओ टॉवर आहे. तो कंपासवर ६० अंशांवर दिसला, तर टॉवरपासून २४० अंशांच्या रेषेवर कुठेतरी तुम्ही आहात (१८० मिळवायचे). ती रेषा तुमच्या रस्त्याला जिथे छेदते तिथे तुम्ही उभे आहात. रस्ता नसेल तर दुसरी खूण शोधा.

अजून एक युक्ती, माझी सगळ्यात आवडती. रस्त्याकाठचं घर गाठायचं असेल तर थेट घराकडे जाऊ नका, मुद्दाम डावीकडे रोख धरा. थेट गेलात आणि रस्त्यावर घर दिसलं नाही, तर उजवीकडे वळायचं की डावीकडे, कळत नाही. डावीकडे रोख धरला असेल तर रस्ता लागताच उजवीकडे वळायचं.

सरावासाठी ग्रीन माउंटनवर चढा. टॉवरभोवतीचे झॉम्बी आधी संपवा. मग नकाशा न उघडता आजूबाजूच्या सोंडा आणि घळी मोजा, कुठल्या दिशेला उतरतात ते लक्षात ठेवा, आणि नकाशा उघडून त्याच रेषांमध्ये शोधा. भावाकडून मी हे दोन संध्याकाळी करून घेतलं. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "ताई, डावीकडे घळ आहे, समोर खिंड. तू वर थांब, मी येतो."