माइनक्राफ्टच्या घरगुती सर्व्हरसाठी जुनं मशीन घेताना

सर्व्हरला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. हे आधीच सांगते, कारण पोरांना घेऊन दुकानात गेलं की त्यांची पहिली नजर तिकडेच जाते आणि दुकानदारही त्याच वाटेने भाव चढवत नेतो. चित्र काढण्याचं काम खेळणाऱ्याच्या मशीनवर होतं. सर्व्हर नुसता हिशेब ठेवतो: कोण कुठे उभं आहे, कुठला ठोकळा फुटला, भट्टीत लोखंड वितळलं का. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये मशिनं सांभाळते, आणि डोंबिवलीत घरी टीव्हीच्या मागे भाचेमंडळींचा सर्व्हर चालतो. पुढचं सगळं माइनक्राफ्ट या गेमच्या जावा एडिशनपुरतं (कॉम्प्युटरवरच्या मूळ आवृत्तीपुरतं) आहे.

हा हिशेब सेकंदाला २० वेळा होतो, म्हणजे एका फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. त्यातलं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच हिशेबनीसावर, चालतं. म्हणून ‘बारा कोअरचा झीऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर), मोडीच्या भावात’ असं कोणी म्हणालं तर हसायचं आणि पुढच्या दुकानात शिरायचं. असले जुने झीऑन बरेचदा दोन-सव्वादोन गिगाहर्ट्झवर रांगतात, निम्म्याहून जास्त कोअर हातावर हात ठेवून बसतात, आणि पंख्याचा आवाज शेजारच्या ब्लॉकमध्ये जातो. त्यापेक्षा चार कोअरचा आय-५ ६५०० घ्या: ३.२ गिगाहर्ट्झ, जोर लावला की ३.६. त्याच्या आधीचा आय-५ ४५९० सुद्धा पाच-सहा पोरांना पुरतो. आठव्या पिढीचा आय-३ ८१०० आवाक्यात आला तर सोडू नका. नावाच्या शेवटी ‘टी’ असलेले प्रोसेसर वीज कमी खातात, पण धावतातही कमी, ६५००टी २.५ पासून सुरू होतो. कोअर टू ड्युओ कोणी फुकट दिला तरी घरी आणू नका.

सध्या माल भरपूर आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. त्यामुळे ऑफिसं सहाव्या-सातव्या पिढीची चांगली चालती मशिनं काढून टाकतायत. आपण डेबियन (लिनक्सचा एक फुकट प्रकार) टाकणार, आपल्याला त्याचं काय!

रॅम ८ जीबी असावी. जावाला (सर्व्हर ज्याच्यावर चालतो त्याला) ४ द्या, बाकीची सिस्टिमला राहू दे. ढीगभर मॉड (गेममध्ये भर घालणारे जोड) घालायचे असतील तर १६ लागेल, म्हणून एक स्लॉट रिकामा आहे का ते झाकण उघडून बघा. रॅमचा प्रकारही विचारा: डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०४० ला डीडीआर३एल लागते, ७०४० ला डीडीआर४. डिस्क एसएसडीच हवी. दोघं-तिघं एकदम नव्या मुलखात धावत सुटले की साधी हार्डडिस्क धापा टाकते.

आता दुकान. मी लॅमिंग्टन रोडला जाते तेव्हा पर्समध्ये लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि मदरबोर्डावरच्या घड्याळासाठी एक नवा सीआर२०३२ सेल असतो. डब्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका, स्टिकर सुटे विकत मिळतात. मशीन सुरू होताना बटण दाबून बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) शिरून प्रोसेसरचं नाव वाचा. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, लेनोवोला बहुधा एफ-१. मग मशीन बंद करा, वायर भिंतीतून उपटा, दोनेक मिनिटं दुकानदाराशी भावाचं बोला आणि पुन्हा जोडा. तारीख कितीतरी वर्षं मागे गेली आणि पडद्यावर ‘एफ-१ दाबा’ आलं, तर बोर्डावरचा सेल मेलेला आहे. वायर जोडलेली असते तोवर हे कळत नाही, कारण घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालत राहतं. घरी पहाटे तीनला लाइट जाऊन आली की हेच मशीन कोणीतरी एफ-१ दाबेल म्हणून सकाळपर्यंत ताटकळतं, आणि त्याला कीबोर्डच जोडलेला नसतो. सेल स्वस्त असतो, तिथेच बदलून घ्या. त्याच बैठकीत बायॉसमधली ‘एसी रिकव्हरी’ ‘पॉवर ऑन’ वर करा (एचपीत तिचं नाव ‘आफ्टर पॉवर लॉस’) आणि वायर परत उपटून बघा. लाइट आल्यावर मशीन आपणहून उठलं, तरच पैसे काढा.

डेलचं चपटं मायक्रो घेत असाल तर अ‍ॅडॅप्टर मूळचा आहे का बघा. डुप्लिकेट ओळखता आला नाही तर ते सुरू होताना तक्रार करतं आणि प्रोसेसरचा वेग पाडतं. आपण मात्र गेमला शिव्या घालत बसतो. उभ्या डब्यात वेगळी भानगड: ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या बोर्डाला आठ पिनांचा आपलाच कनेक्टर आहे, बाजारातला साधा पॉवर सप्लाय सरळ बसत नाही. जुना लॅपटॉपही चालतो, बॅटरीमुळे यूपीएसचं काम भागतं. पण टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलीय, हात लावू नका.

विजेचं म्हणाल तर २५-३० वॅट धरा. चोवीस तास चालवलं तर महिन्याला १८ ते २२ युनिट. महावितरणच्या बिलात तुम्ही ९० च्या घरात असाल तर १०० ओलांडाल, आणि वरच्या युनिटना पुढच्या टप्प्याचा दर लागेल. आमचा सर्व्हर शाळेच्या दिवसांत रात्री दहाला बंद होतो. पोरं कुरकुरली, वहिनी खूश आहे.

यातलं काहीही विकत घेण्याआधी राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा) आयपी पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकाच पत्त्यामागे बऱ्याच ग्राहकांना बसवलंय आणि तुम्ही राउटरवर माइनक्राफ्टचा २५५६५ पोर्ट उघडला तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. मग एक तर महिन्याचे जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या, नाहीतर प्रत्येक पोराच्या मशीनवर टेलस्केल (लांबच्या मशिनांना एकाच खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. मी टेलस्केल टाकलं. पुण्याचा भाचा मोबाइलवरून खेळतो, त्याच्यासाठी सर्व्हरवर गायझर हे (मोबाइलवरच्या वेगळ्या आवृत्तीला जावाच्या सर्व्हरवर आणणारं) प्लगइन आणि यूडीपीचा १९१३२ पोर्ट लागला. ते काम तासाभराचं.